स्लाइडशोत आवाज आणि फोटो यांची फारकत का होते?

सप्टेंबर उजाडला की मराठवाड्यातल्या शाळांत एक काम ठरलेलं असतं. १७ सप्टेंबरच्या मुक्तिसंग्राम दिनासाठी जुने फोटो जमवायचे, एखाद्या गुरुजींच्या नाहीतर नववीतल्या पोरीच्या आवाजात निवेदन भरायचं, दोन्ही जोडायचं आणि झेंडावंदन झालं की टीव्हीवर लावायचं. करताना पहिले दोन-तीन फोटो तपासलेले असतात, ते झकास असतात. कार्यक्रमात मात्र निवेदन अजून १३ सप्टेंबर १९४८ च्या नळदुर्गावरच असतं आणि पडद्यावर निजामाच्या शरणागतीचा फोटो येऊन गेलेला असतो. शेवटी फोटो संपतात, पडदा काळा होतो, आणि आवाज आपला बोलतच राहतो.

मग लॅपटॉपला, टीव्हीला नाहीतर लाइटीला दोष जातो. खरं कारण बहुतेकदा पाचवीच्या गणितातलं असतं.

४० फोटो, ४ मिनिटं आणि हरवलेले ३९ सेकंद

निवेदन चार मिनिटांचं, म्हणजे २४० सेकंद. फोटो ४०. भागाकार केला, प्रत्येकाला ६ सेकंद आले, सॉफ्टवेअरमध्ये ६ भरले. मग फोटो खटकन बदलतात ते बरं दिसेना म्हणून प्रत्येक दोन फोटोंच्या मधे एका सेकंदाचं ट्रान्झिशन टाकलं. ट्रान्झिशन म्हणजे एक फोटो विरत जाऊन दुसरा उमटण्याचा वेळ. गडबड इथं झाली.

त्या एका सेकंदात दोन्ही फोटो पडद्यावर असतात. सेकंद दोघांच्याही खात्यावर मांडला जातो, खर्च मात्र एकदाच होतो. शेडवर पत्रे घालताना एक पत्रा दुसऱ्यावर चार बोटं चढवावा लागतो. दहा फुटी दहा पत्रे आणले म्हणून शंभर फूट झाकत नाही, तसंच हे. ४० फोटोंत ३९ सांधे. एकूण वेळ ४० गुणिले ६ वजा ३९, म्हणजे २०१ सेकंद. उरलेले ३९ सेकंद काळा पडदा.

गणित उलटं करा. निवेदनाचे २४० आणि सांध्यांचे ३९ मिळवून ४० ने भागलं की ६.९७५ येतात. प्रत्येकी ७ सेकंद भरले तर एकूण २४१ होतात. शेवटचा फोटो आवाज संपल्यावर सेकंदभर रेंगाळतो, ते बरंच दिसतं.

पण सगळीच सॉफ्टवेअर पत्रे चढवत नाहीत. पॉवरपॉइंट ट्रान्झिशनचा वेळ स्लाइडच्या वेळेतून कापत नाही, वरून वाढवतं; तिथं फोटो पुढं पळण्याऐवजी मागं पडतात. आपलं कोणत्या जातीचं ते ओळखायला तीन फोटो घ्या, प्रत्येकी १० सेकंद आणि मधे २ सेकंदांचं ट्रान्झिशन द्या. एकूण २६ सेकंद आले तर ते चढवणारं, ३० च्या वर गेले तर वाढवणारं. दोन मिनिटांचं काम आहे आणि ते कुणीच करत नाही.

घड्याळ कुणाच्या हातात?

वरचा हिशोब सगळे फोटो सारखे थांबतील असं धरून केला. प्रत्यक्षात किल्ल्याच्या फोटोवर निवेदक वीस सेकंद बोलतो आणि एखाद्या नावावर दोन. म्हणून जाणकार माणूस फोटोंना वेळ वाटत बसत नाही. तो आवाज आधी पक्का करतो आणि फोटो त्याच्या मागं लावतो. भजनात पखवाज लय धरतो, टाळकरी त्याच्या मागं जातात. फोटो चार सेकंद थांबला काय नि सहा काय, बघणाऱ्याला कळत नाही. आवाज जरा ताणला की लगेच कळतं. तेव्हा ज्याला ताणता येतं त्यानंच जुळवून घ्यायचं.

ही अक्कल संगणकाच्या आधीची आहे. फिल्मच्या स्लाइडचे प्रोजेक्टर होते तेव्हा कॅसेटच्या एका ट्रॅकवर निवेदन असायचं आणि दुसऱ्यावर श्रोत्यांना ऐकू न येणारे ठोके. ठोका आला की प्रोजेक्टर पुढची स्लाइड ढकलायचा. कोडॅकनं स्लाइड प्रोजेक्टर बनवणं २००४ मध्ये थांबवलं, ठोका मात्र राहिला. आता त्याला मार्कर किंवा लेबल म्हणतात.

ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे ठोके असे मारता येतात. निवेदनाची फाइल उघडा, प्ले करा, आणि जिथं नवा फोटो यायला हवा तिथं कंट्रोल धरून एम दाबा. आवाज थांबत नाही, त्या जागी लेबल पडतं. चार मिनिटांचं निवेदन चार मिनिटांतच ठोकून होतं. मग लेबलं एक्स्पोर्ट केली की साधी मजकुराची फाइल मिळते, तिच्यात प्रत्येक लेबलाची वेळ सेकंदांत असते. त्या वेळा बघून फोटो टाइमलाइनवर, म्हणजे वेळेच्या पट्टीवर, लावायचे. ट्रान्झिशन एका सेकंदाचं असेल तर ते लेबलाच्या अर्धा सेकंद आधी सुरू करा. नाव उच्चारलं जातं तेव्हा चेहरा अर्धा उमटलेला असतो.

पॉवरपॉइंटमध्ये थेट निवेदन भरणाऱ्यांसाठी एक खोच आहे: ट्रान्झिशन चालू असताना तिथं आवाज मुद्रित होत नाही. वाक्याच्या मधेच स्लाइड बदलली की एखाददुसरा शब्द गिळला जातो. स्लाइड पूर्ण दिसेपर्यंत थांबायचं आणि मग बोलायचं.

एवढं करूनही फरक पडतो, तो फ्रेममुळं. व्हिडिओ म्हणजे सेकंदाला २५ किंवा ३० स्थिर चित्रं. त्यातलं एक चित्र ती फ्रेम. २५ चा वेग असेल तर फ्रेम ४० मिलिसेकंदांची, आणि फोटो अर्ध्या फ्रेमवर बदलू शकत नाही. ५.३३ सेकंद म्हणजे १३३.२५ फ्रेम, सॉफ्टवेअर १३३ धरतं. पाव फ्रेम गळाली, म्हणजे १० मिलिसेकंद. ६० फोटोंत ०.६ सेकंद. निवेदनात हे खपून जातं, कारण बोलणाऱ्याचे ओठ दिसत नसतात. हलगीच्या ठेक्यावर फोटो बदलायचे असतील तर नाही खपत. चांगलं सॉफ्टवेअर प्रत्येक फोटोची जागा शून्यापासून मोजतं, कच्चं सॉफ्टवेअर मागच्या फोटोच्या शेवटापासून. हद्दीच्या दगडापासून सलग टेप धरून शेत मोजणं आणि काठी सरकवत सरकवत मोजणं, यात जो फरक पडतो तोच इथं पडतो.

आवाजच पळाला तर?

आवाज साठवताना संगणक तो सेकंदाला हजारो वेळा मोजतो. त्या आकड्याला सॅम्पल रेट म्हणतात. गाण्यांच्या फाइली बहुधा ४४,१०० च्या असतात, व्हिडिओतला आवाज ४८,००० चा. सॉफ्टवेअरनं ४४,१०० ची फाइल ४८,००० ची समजून वाजवली तर चार मिनिटांचं निवेदन ३ मिनिटं ४०.५ सेकंदांत उरकतं आणि गुरुजींचा आवाज चिरका होतो. आवाज वेगात नसून फक्त जागा चुकत असेल तर संशय एमपी३ वर घ्या. ज्या एमपी३ मध्ये दर सेकंदाला कमीजास्त माहिती भरलेली असते, तिच्यात नेमकी वेळ शोधणं काही सॉफ्टवेअरना जमत नाही. ती अंदाजानं उडी मारतात.

दोन्हीवर एकच उपाय: सगळा आवाज ऑडॅसिटीत आणून ४८,००० च्या वेव्ह फाइलमध्ये काढायचा आणि प्रकल्पात तीच वापरायची. मिनिटाला साडेअकरा मेगाबाइट जागा खाते. खाऊ द्या.

मोबाईलचं ॲप हे सगळं आपोआप करतं की

करतं, आणि वाढदिवसाला तेवढं पुरे. ॲप गाण्याचा ठेका ओळखून त्यावर फोटो बदलतं. निवेदनाला ठेका नसतो, अर्थ असतो. ‘पैठण’ म्हटल्यावर पैठणचा फोटो यायला हवा हे ॲपला सहसा कळत नाही. ज्यात माणूस बोलतो तिथं लेबलं हातानंच मारावीत.

फोटो जितका मोठा तितका चांगला, नाही का?

नाही. १२ मेगापिक्सेलचा मोबाईल फोटो ४,००० बाय ३,००० ठिपक्यांचा असतो. फाइल दिसते चारेक मेगाबाइटची, पण उघडल्यावर प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट लागतात आणि तीच ३६ मेगाबाइट होते. कुरडया डब्यात मावतात. तळल्या की परात भरते. असे दीडशे फोटो ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर टाकले की तो गुदमरतो, आणि आवाज थांबत थांबत येऊ लागतो. लोक आवाजाची फाइल बदलत बसतात, दुखणं फोटोंचं असतं.

पडदा १,९२० बाय १,०८० चा आहे. फोटो हळूहळू जवळ आणायचा असेल, ज्याला अमेरिकी माहितीपटकाराच्या नावावरून केन बर्न्स इफेक्ट म्हणतात, तर जितका मोठा करणार तितके ठिपके जास्त लागतील: १.३ पट म्हणजे रुंदीला २,४९६. लांब बाजू २,५६० ठेवून सगळे फोटो एकदम लहान करून घ्या आणि मूळ फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये राहू द्या.

हा इफेक्ट कधीकधी थरथरतो. १० सेकंदांत फोटो १० टक्के मोठा होतो म्हणजे फोटोची डावी आणि उजवी कड प्रत्येकी ९६ ठिपके सरकते, आणि तेवढ्यात फ्रेमी जातात २५०. एका फ्रेमला ठिपक्याचा ०.३८ भाग. जे सॉफ्टवेअर पूर्ण ठिपक्यातच सरकतं ते दोन-तीन फ्रेम उभं राहतं आणि मग टुणकन उडी मारतं. सरकणं जास्त ठेवा किंवा वेळ कमी करा, थरथर कमी होते. नाहीतर फोटो स्थिर ठेवा. वेरूळच्या कैलास लेण्याला हलवायची गरज नसते.

उभ्या फोटोच्या दोन्ही बाजूंना त्याचाच धुरकट मोठा फोटो भरायची सध्या रीत आहे. साध्या काळ्या बाजू त्यापेक्षा शोभतात, असं आमचं मत.

व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोची लांब बाजू साधारण १,६०० ठिपक्यांवर येते आणि फोटो काढल्याची तारीख आतून पुसली जाते, त्यामुळं तारखेनुसार लावायला गेलं की सगळा क्रम विस्कटतो. पाठवणाऱ्याला फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. आणि नावं १, २, ३ अशी देऊ नका. काही सॉफ्टवेअर १ नंतर १० घेतात आणि २ फार नंतर. ००१, ००२ अशी द्या, इंग्रजी आकड्यांत, कारण देवनागरी नावाची फाइल काही जुन्या सॉफ्टवेअरना सापडतच नाही.

कूलर बंद, वाकळ दाराला

निवेदन बिघडवणारी गोष्ट माइक नसून खोली असते. वर्गाच्या उघड्या भिंती आवाज परत फेकतात, आणि तो घुमारा नंतर साध्या सॉफ्टवेअरनं नीट निघत नाही. सतरंज्या ठेवायची खोली सगळ्यात चांगली. नाहीतर दाराला आणि समोरच्या भिंतीला वाकळ किंवा गोधडी टांगा. पंखा आणि कूलर बंद. मोबाईल तोंडापासून एक वीत, समोर न धरता जरा बाजूला, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’ ची फुंकर लागत नाही.

बोलायच्या आधी पाच सेकंद गप्प बसा. ती शांतता कामाची आहे: ऑडॅसिटीत तेवढा भाग निवडून नॉइज प्रोफाइल, म्हणजे खोलीतल्या सरसरीचा नमुना, घेता येतं आणि मग पूर्ण फाइलमधली सरसर कमी करता येते. १२ डेसिबलच्या पुढं नेलं तर माणूस रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा वाटतो. मागचं संगीत निवेदनापेक्षा १५ ते १८ डेसिबल खाली ठेवा. हेडफोनवर ते फारच हळू वाटेल, मैदानावर बरोबर वाटेल.

मैदानावर कर्णा असेल तर आणखी एक. कर्ण्यातून खर्ज येत नाही, म्हणून ढोलाचा भारदस्त आवाज तिथं टकटक होतो. अॅम्प्लिफायरला बरेचदा डावी-उजवी यांपैकी एकच तार जोडलेली असते. निवेदन एका बाजूला आणि संगीत दुसऱ्या बाजूला राहिलं असेल तर गावाला दोन्हींतलं एकच ऐकू येतं. शेवटची फाइल काढण्याआधी आवाज मोनो करा, म्हणजे दोन्ही बाजूंचा मिळून एकच.

‘मुक्तिसंग्राम’ लिहिलं आणि अक्षरं फुटली

शीर्षकाच्या चौकटीत ‘मुक्तिसंग्राम’ टाइप करा आणि नीट बघा. संगणकात ‘क्ति’ असा साठतो: क, हलन्त, त, आणि सगळ्यात शेवटी वेलांटी. पडद्यावर मात्र वेलांटी सगळ्यात पुढं हवी आणि क-त चं जोडाक्षर व्हायला हवं. ही फिरवाफिरव करणारा वेगळा भाग सॉफ्टवेअरमध्ये असावा लागतो. फायरफॉक्स, लिबरऑफिस आणि अँड्रॉइड त्यासाठी हार्फबझ नावाचा मोफत भाग वापरतात. ज्या सॉफ्टवेअरमध्ये असं काही नाही त्यात क चा पाय मोडलेला दिसतो आणि वेलांटी त च्या मागं लोंबते.

फॉन्ट बदलून हे सुटत नाही, कारण दोष फॉन्टचा नाही. श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या पद्धतीच्या फॉन्टांतून उचललेला मजकूर तर वेगळीच भानगड. तिथं आत इंग्रजी अक्षरांचेच आकडे असतात, म्हणून चिकटवल्यावर कचरा दिसतो. तो आधी युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा आकडा असलेल्या पद्धतीत, बदलून घ्यावा लागतो.

आज कार्यक्रम असेल तर पळवाट सोपी आहे. लिबरऑफिस ड्रॉ किंवा इंकस्केपमध्ये शीर्षक लिहा, पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी काढा आणि फोटोसारखी वर ठेवा. आणि एकेक अक्षर उमटवणारा टाइपरायटर इफेक्ट मराठीला लावू नका. तो जोडाक्षराचे तुकडे सुटे सुटे दाखवतो. शब्द-शब्द उमटवणारा चालतो.

माझ्याकडं चालतं, शाळेच्या टीव्हीवर का नाही?

पहिली शक्यता: पेनड्राइव्हवर व्हिडिओ नाहीच, प्रकल्पाची फाइल आहे. ही फाइल म्हणजे सातबारा. जमीन कुठं, किती, कुणाची हे त्यात लिहिलेलं असतं. सातबारा घेऊन दुसऱ्या गावाला गेलं म्हणून जमीन बरोबर येत नाही. फोटो आणि आवाज तुमच्या लॅपटॉपवरच राहिले. दाखवायला नेहमी एक्स्पोर्ट केलेला व्हिडिओ न्यायचा.

आणि सातबारा वाचणारंच कुणी उरलं नाही तर? लग्नाच्या स्टुडिओवाल्यांचं आवडतं स्लाइडशो सॉफ्टवेअर प्रोशो बनवणारी फोटोडेक्स कंपनी २०२० च्या जानेवारीअखेर बंद झाली. विंडोज मूव्ही मेकरचा आधार २०१७ च्या जानेवारीत संपला. म्हणून प्रत्येक कामाचा एक चांगला व्हिडिओ, निवेदनाची वेव्ह फाइल आणि मूळ फोटो, तिन्ही एका फोल्डरमध्ये ठेवावं.

दुसरी शक्यता: व्हिडिओ आहे, टीव्ही उघडत नाही. एमपी४ हा नुसता डबा. आत काय भरलंय ते कोडेकवर, म्हणजे चित्र दाबून बसवण्याच्या पद्धतीवर ठरतं. डबा ओळखीचा असला तरी आतलं जुन्या टीव्हीला पचेलच असं नाही. सगळीकडं चालणारा मेळ असा: एमपी४, चित्राला एच.२६४, आवाजाला एएसी, १,९२० बाय १,०८०, सेकंदाला २५ किंवा ३० फ्रेम. एफएफएमपेगसारख्या आज्ञा देऊन चालवायच्या साधनानं फोटोंपासून व्हिडिओ केला तर रंगाचा पिक्सेल फॉरमॅट, म्हणजे रंगाची माहिती साठवायची पद्धत, ४२० आणि ८ बिटचा आहे का ते पाहा. तो ४४४ चा निघाला तर लॅपटॉपवर छान दिसतो आणि टीव्हीवर नुसता आवाज येतो. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला असला की जुने टीव्हीसुद्धा वाचतात. त्यावर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी मावत नाही, पण सेकंदाला ८ मेगाबिट या दरानं मिनिटाला ६० मेगाबाइट लागतात, म्हणजे तासभराचं कामही बसतं.

गाणं कुणाचं घ्यायचं?

सिनेमाचं गाणं लावून यूट्यूबवर टाकलं की हक्काचा दावा येतो, कधी आवाज बंद केला जातो. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. जात्यावरची पारंपरिक ओवी कुणाच्या मालकीची नाही, पण तिचं मुद्रण करणाऱ्याचं असतं. गावातल्या एखाद्या आजीला विचारून तिच्याच आवाजात मुद्रित केली तर प्रश्न मिटतो, आणि ऐकायलाही तीच गोड लागते.

सॉफ्टवेअर सुधारायला आम्ही थोडेच प्रोग्रामर आहोत?

केडेनलाइव्ह, शॉटकट, ओपनशॉट ही व्हिडिओ जोडायची सॉफ्टवेअर मोफत आणि मुक्त आहेत, म्हणजे त्यांचा कोड कुणालाही बघता येतो. त्यांचे दोष नोंदवायला कुणालाही मुभा आहे. केडेनलाइव्ह आणि शॉटकट दोन्ही आतून एमएलटी नावाचं एकच इंजिन वापरतात. दुकानं दोन, गिरणी एक. गिरणीतला दोष दुरुस्त झाला तर पीठ दोन्हीकडं चांगलं येतं.

‘मराठी नीट दिसत नाही’ एवढ्या तक्रारीवर मात्र कुणी काही करू शकत नाही. ती वाचणाऱ्याला देवनागरी येत नसते. पाय मोडलेला क आणि धड क त्याला सारखेच दिसतात. म्हणून दोन चित्रं शेजारी शेजारी लावायची: तोच शब्द लिबरऑफिसमध्ये बरोबर दिसतो ते, आणि या सॉफ्टवेअरमध्ये फुटतो ते. शब्द मजकूर म्हणूनही द्या, म्हणजे समोरचा तो उचलून स्वतः चिकटवून पाहील. मग सॉफ्टवेअरची आवृत्ती, विंडोज की लिनक्स, कोणता फॉन्ट, आणि पायऱ्या: काय उघडलं, कुठं दाबलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. इंग्रजी तोडकंमोडकं चालतं.

वेळेचा दोष असेल तर चाळीस फोटोंचा प्रकल्प पाठवू नका. त्यातून कमी करत करत तीन फोटो आणि २० सेकंदांच्या आवाजावर या. दोष तेवढ्यात दिसला तर शोधणाऱ्याचं निम्मं काम तुम्ही केलंत. दिसला नाही तर कोणता फोटो काढल्यावर गेला तेच कारण असतं. आवाजासाठी निवेदनाऐवजी दर सेकंदाला टिकटिक करणारा ऑडॅसिटीतला ऱ्हिदम ट्रॅक वापरा, मिनिटाला ६० ठोक्यांचा. कितव्या ठोक्याला फोटो बदलला ते मग कुणालाही मोजता येतं.

नोंद केल्यावर काही दिवसांनी, कधी महिन्यांनी, उत्तर येतं: नव्या आवृत्तीत करून बघा. तोवर सप्टेंबर उलटून गेलेला असतो आणि आपण विसरलेले असतो. ते तीन फोटो आणि टिकटिक जपून ठेवा, नवी आवृत्ती टाकून पाहा, आणि ‘अजून आहे’ किंवा ‘गेला’ एवढं एका ओळीत कळवा. ती ओळ न आल्यानं बऱ्याच नोंदी दोष तसाच असताना बंद केल्या जातात.